वरची बिजागरी

आमच्या बाथरूमची कडी अकरा वर्षं लागत नव्हती.
कडी खाली, भोक वर,
मध्ये करंगळीएवढं अंतर,
आणि तेवढ्यात आम्ही पाच माणसं
आवाज करत अंघोळ करायला शिकलो.
मामंजी खोकायचे.
धाकटा बादली वाजवायचा.
सासूबाई भोंडल्याची गाणी म्हणायच्या, ऐन मे महिन्यातसुद्धा.
मी नळ सोडून ठेवायचे,
मोरबे धरणाचं पाणी मोरीत जायचं.

थोरल्याचं लग्न ठरलं तेव्हा प्रश्न पडला:
नव्या मुलीला पहिल्या सकाळी सांगायचं काय?
खोक म्हणून?

बोनकोड्याच्या गल्लीत दशरथ मेस्त्रींकडे गेले.
एका कडीसाठी ते येणार नव्हते,
पामबीचच्या टॉवरात कुणाचं तरी आख्खं किचन चाललेलं.
रंधा थांबवला नाही, मानही वर केली नाही.
'कडीला हात लावू नका ताई.
कडी जागेवर आहे बिचारी. दार बसलंय.
वरची बिजागरी बघा.'

आणि आम्ही अकरा वर्षं कडीच हलवत होतो!
चौकटीवर जुन्या भोकांचे व्रण,
देवी येऊन गेल्यासारखे.
मी तर पिशवीत कानस घेऊन गेले होते,
भोक मोठं करून घ्यायला.
ती बाहेर काढलीच नाही.

कागदात सहा स्क्रू बांधून दिले, चपट्या डोक्याचे.
'पैसे?'
'कडी लागली की द्या.'

रविवारी दुपारी
पत्रिकांचे नापसंत नमुने दुमडून दाराखाली पाचर मारली,
गणपती, कलश, सोनेरी मोर, सगळे एकावर एक.
दार उचललं गेलं तसं
वरच्या बिजागरीचा स्क्रू बोटानेच निघून हातात आला,
मागोमाग चिमूटभर ओला भुसा.
एवढ्यावर लटकलं होतं?

मग मेस्त्रींनी सांगितलं तसं:
काड्यापेटीतल्या काड्या, गुल मोडून,
फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात दाबायच्या,
मावतील तेवढ्या,
आणि वर आणखी एक, न मावणारी, हातोडीने.
बाहेर आलेली टोकं ब्लेडने कापायची.
मग रात्रभर हात लावायचा नाही.
हे शेवटचं सगळ्यांत अवघड गेलं.
रात्री सगळे शेजारच्या कुरियनांकडे जाऊन आलो,
मामंजी तिथेही खोकले.

सकाळी स्क्रू साबणावर घासला.
पहिले चार फेरे सैल, पोकळ,
वाटलं, फसलं.
पाचव्याला लाकडाने पकडलं.
ते डोळ्यांना दिसत नाही, मनगटाला कळतं.
तळव्याला फोड आला, तरी एक फेरा जास्तच दिला.
पाचर काढली.
दार जागच्या जागी राहिलं.
कडी सरकवली, आणि ती गेली,
खट्.
मी आत एकटीच उभी, कोरडी,
चार वेळा लावली, चार वेळा काढली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अंघोळीला गेल्या
आणि आतून काहीच ऐकू येईना.
परातीत कणीक तशीच टाकून दार ठोठावलं.
'बरं वाटतंय ना हो?'
'मला काय झालंय? कडी लावलीय ना.'
म्हणजे ती गाणी
कधी गाणी नव्हतीच की काय.
की होती? विचारायचं राहिलं.
पोळ्या त्या दिवशी जाड झाल्या.

मामंजी मात्र कडी लावूनही खोकतात.

पैसे द्यायला गेले.
'किती बसले?'
'पाच. सहाव्याच्या जागी आत जुना खिळा तुटलाय,
पुढे जातच नाही.'
मेस्त्रींनी प्रथमच वर पाहिलं, कानावरची पेन्सिल काढली,
फळीवर एक रेघ ओढली.
'मग दोन वर्षांनी या.'
दहा रुपये घेतले, आणि हात पुढेच ठेवला.
'सहावा परत द्या.'

तो मी आणलाच नव्हता.
बाथरूमच्या खिडकीत आहे, साबणाशेजारी.
थोडा गंज धरलाय.